पौर्वात्य समाजांतील चांदीचे पारंपरिक दागिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांदीच्या जुन्या दागिन्यांविषयी होणारी विचारणा बहुधा ‘या नक्षीचा अर्थ काय?’ या प्रश्नाने सुरू होते. माझ्या मते नक्षीकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : तो दागिना कोण घालत असे, शरीराच्या कोणत्या भागावर घालत असे आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर घालत असे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की नक्षीचा अर्थ पुष्कळदा आपोआप उलगडतो. ती मिळाली नाहीत, तर नक्षीवरून काढलेले निष्कर्ष सहसा चुकतात. पुढील उत्तरे हीच दृष्टी ठेवून लिहिली आहेत.

१. अरबस्तानापासून कोरियापर्यंतच्या दागिन्यांचा एकत्र विचार करता येतो का? ते तर एकमेकांसारखे दिसतही नाहीत.

दिसण्यात साम्य नाही, हे खरे आहे. येमेनचा बारीक रव्यांनी मढवलेला हार आणि चीनच्या ग्वेइचौ प्रांतातील मिआओ मुलीचा शिंगांचा मुकुट शेजारी ठेवला, तर दोन्ही चांदीचे आहेत एवढेच सांगता येईल. साम्य त्यांच्या कामात आहे. या बहुतेक समाजांत चांदीचा दागिना एकाच वेळी स्त्रीची सोबत नेता येणारी मालमत्ता, समाजातील तिच्या स्थानाची खूण आणि दृष्ट व बाधा यांपासूनचे संरक्षण असे. ही तीन कामे आपण लिहिताना वेगळी करतो. घालणाऱ्या स्त्रीला ती वेगळी जाणवत नसत. पायातले जड कडे दुष्काळात विकता येते, ते पाहून घरची ऐपत कळते आणि त्याच्या आवाजाने वाईट शक्ती दूर राहतात, हे सारे एकाच कड्याविषयी खरे असते.

२. सोने अधिक मोलाचे असताना या लोकांनी चांदीच का निवडली?

पहिले कारण अर्थातच परवडण्याचे आहे. शेतकरी, पशुपालक आणि डोंगरी समाजांच्या हाती येणारे मोठे नाणे चांदीचे होते, आणि सोनाराकडे वितळवायला नेण्याजोगा धातूही तोच होता. पैसा आणि चांदी यांचे हे नाते भाषांतही उतरले आहे. आपला ‘रुपया’ संस्कृत ‘रूप्य’ या शब्दाशी जोडलेला आहे. थाई, ब्रह्मी आणि तिबेटी भाषांत चांदीसाठी आणि पैशासाठी एकच शब्द चालतो. चिनी भाषेत बँकेच्या नावातच चांदी आहे.

तरीही केवळ स्वस्त म्हणून चांदी, हे उत्तर अपुरे आहे. अनेक ठिकाणी चांदीला स्वतःचा मान होता. तिचा पांढरा रंग शुद्धतेचा आणि चंद्राचा मानला गेला. कझाक समाजात हातात चांदीची अंगठी असल्याशिवाय स्त्रीने रांधलेले अन्न शुद्ध नव्हे, अशी समजूत होती. इस्लामी परंपरेत पुरुषांना सोने वर्ज्य आणि चांदीची अंगठी मान्य असल्यामुळे तेथे चांदीला धार्मिक आधारही मिळाला (प्रश्न ९ पाहा). आज आखाती देशांत लग्नात सोनेच दिसते, पण हा बदल मुख्यतः तेलाच्या संपत्तीनंतरचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे.

३. ज्या प्रदेशांत चांदीच्या खाणी नव्हत्या, तेथे एवढी चांदी आली कुठून?

व्यापारातून, आणि प्रामुख्याने नाण्यांच्या रूपाने. सोळाव्या शतकापासून दक्षिण अमेरिकेतील पोतोसीची आणि जपानमधील इवामी खाणींची चांदी मोठ्या प्रमाणावर आशियात येऊ लागली. चीनने याच काळात करवसुली चांदीत घेण्यास सुरुवात केली आणि तिची मागणी प्रचंड वाढली. कापड, मसाले, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि पुढे चहा पश्चिमेकडे गेला, आणि त्याच्या मोबदल्यात चांदी पूर्वेकडे वाहत राहिली.

दागिन्यांच्या इतिहासात ही नाणी फार महत्त्वाची आहेत, कारण गावच्या सोनाराच्या दृष्टीने नाणे म्हणजे ठरावीक वजनाची आणि ठरावीक कसाची चांदी होती. ब्रिटिश भारताचा १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. फ्रेंच इंडोचायनाचा पियास्त्र १८९५ नंतर २७ ग्रॅमचा होता. अरबस्तानात चालणारा ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर सुमारे २८ ग्रॅमचा असे. थायलंड, लाओस आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरांत राहणाऱ्या आखा स्त्रियांच्या शिरोभूषणांवर भारतीय रुपये आणि फ्रेंच पियास्त्र शेजारी शेजारी शिवलेले आढळतात. ज्या साम्राज्यांच्या राजधान्या त्या स्त्रियांनी कधी पाहिल्या नाहीत, त्यांची नाणी त्यांच्या कपाळावर होती.

४. हे दागिने खरोखर स्त्रीच्या मालकीचे असत की नुसते तिच्या अंगावर असत?

परंपरा स्पष्टपणे मालकीच्या बाजूने आहे. व्यवहार मात्र नेहमीच तसा राहिला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि माहेरहून मिळालेल्या वस्तूंना त्यांत स्थान आहे. इस्लामी विवाहात मेहेर ही वधूची स्वतःची मालमत्ता असते आणि अरबस्तानात तिचा मोठा भाग दागिन्यांत गुंतवला जाई. जिच्या नावावर जमीन नाही आणि जिला पेढीवर खाते नाही, तिच्यासाठी हात, पाय आणि गळा हीच तिजोरी होती. दागिने जड का असत आणि मोडताना किंमत वजनावर का ठरे, याचे उत्तर येथेच आहे. घरच्या अडचणीत हे दागिने तिच्या मनाविरुद्धही गेले, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे ‘चांदी म्हणजे स्त्रीचे स्वातंत्र्य’ असे सरसकट विधान मी करणार नाही. स्वतःचे म्हणावे असे तिच्याजवळ बहुधा एवढेच होते.

५. पायात सोने घालू नये असे का म्हणतात?

भारतीय उपखंडातील हिंदू समजुतीनुसार सोने लक्ष्मीचे रूप असल्यामुळे ते कमरेखाली घालणे हा तिचा अनादर ठरतो. म्हणून पैंजण, तोडे, वाळे आणि जोडवी चांदीची असतात. मात्र या नियमाला सामाजिक बाजूही होती आणि ती अनेकदा विसरली जाते. राजपुताण्यातील संस्थानांत पायात सोने घालण्याचा अधिकार हा दरबाराने सरदारांना द्यायचा मान होता. जे देवीच्या अनादराचे कारण म्हणून सांगितले जाई, तेच वरच्या वर्गासाठी प्रतिष्ठेचे चिन्ह ठरले. मला हा नियम धर्मापेक्षा दर्जाविषयी अधिक सांगतो असे वाटते.

दर्जानुसार धातू ठरवण्याची पद्धत केवळ भारतात नव्हती. ओकिनावातील र्‍युक्यू राज्यात केसांत खोचायच्या काट्याचा धातू पाहून माणसाचा वर्ग ओळखता येई : राजघराणे आणि उच्चपदस्थांसाठी सोने, त्याखालच्या सरदारवर्गासाठी चांदी आणि सामान्यांसाठी पितळ.

६. दागिन्यावरून स्त्री विवाहित आहे की नाही हे ओळखता येते का?

पुष्कळ ठिकाणी ओळखता येत असे. भारतात जोडवी ही सर्वांत ठळक खूण आहे. हिंदीत तिला बिछिया आणि तमिळमध्ये मेट्टी म्हणतात. बंजारा विवाहितेच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना केसांत गुंफलेले ‘घुगरी’ नावाचे चांदीचे लोंबते दागिने दिसतात. कोरियात अविवाहित मुलगी एकच अंगठी घाली, तर विवाहिता ‘गाराकजी’ नावाच्या जोड अंगठ्या एकत्र घाली. जोडी हाच तिचा अर्थ होता. तुर्कमेन मुलगी लग्नापूर्वी ‘गुपबा’ नावाचा चांदीचा लहान घुमट टोपीवर लावी आणि लग्नानंतर तो उतरवला जाई. तुर्कमेन स्त्रीच्या अंगावर सर्वाधिक चांदी नववधू असताना असे, आणि मुले होण्याचे वय सरले की ती हळूहळू कमी होत जाई. तिच्या दागिन्यांच्या वजनात तिचे वय वाचता येत असे, असे म्हणता येईल.

कझाक समाजातील ‘कुदागी जुझिक’ ही अंगठी तर मराठी वाचकाला लगेच कळावी, कारण ‘कुदागी’ म्हणजे विहीण. दोन बोटांत एकत्र बसणारी ही रुंद अंगठी वधूची आई वराच्या आईला देत असे. दोन वळी आणि वर एकच दर्शनी भाग, म्हणजे दोन घरे जोडली गेली. आपल्या मुलीला सासरी मायेने वागवले जावे, ही विनंतीही त्या देण्यात होती.

अपवादही लक्षात ठेवावा. जत्रांतून आणि पर्यटकांसाठीच्या बाजारांतून हे दागिने आता कोणीही विकत घेते, त्यामुळे आजच्या छायाचित्रातील स्त्रीच्या वैवाहिक स्थितीविषयी केवळ दागिन्यावरून अनुमान काढू नये.

७. तान्ह्या मुलांना चांदीच का घालतात?

तान्हे बाळ अजून या जगात पक्के रुजलेले नाही आणि त्याला धरून ठेवले पाहिजे, ही भावना अनेक समाजांत आढळते. चीनमध्ये मुलाच्या गळ्यात चांदीचे कुलूप घालतात, त्यावर दीर्घायुष्य आणि समृद्धी इच्छिणारी अक्षरे असतात, आणि या कुलपाने त्याचे आयुष्य जणू बंदिस्त केले जाते. त्याचा एक हृद्य प्रकार म्हणजे शंभर घरांचे कुलूप : अनेक घरांतून थोडे थोडे पैसे मागून ते घडवायचे, म्हणजे त्या साऱ्या घरांचे आशीर्वाद मुलाच्या पाठीशी राहतात. लाओस आणि लगतच्या डोंगरांतील मोंग समाजात गळ्यातील कुलपाच्या आकाराचे पदक आत्म्याला शरीर सोडून जाऊ देत नाही, असे मानतात. कझाक आणि किरगीझ घरांत बाळाला चाळीस दिवस पूर्ण झाले की चांदीची नाणी टाकलेल्या पाण्याने न्हाऊ घालतात. आपल्याकडील वाळे आणि करदोटा याच भावनेचे आहेत. वाळ्याच्या घुंगरांचा आवाज रांगत्या मुलाचा ठावठिकाणाही सांगतो, हा त्याचा व्यवहारी फायदा.

८. चांदीने विष ओळखता येते, चांदी घातल्याने आरोग्य सुधारते, हे कितपत खरे आहे?

विषाच्या समजुतीला अर्धा आधार आहे. कोरियाच्या राजदरबारात चांदीचे चमचे आणि जेवणाच्या काड्या वापरत, कारण विषारी अन्नाने चांदी काळी पडते असा विश्वास होता. जुन्या पद्धतीने काढलेल्या सोमलात (आर्सेनिकच्या विषात) गंधकाची अशुद्धी असे आणि चांदी काळी पडत असे ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यानेही ती काळी पडते, आणि बहुसंख्य विषांनी अजिबात पडत नाही; तेव्हा ही कसोटी भरवशाची नव्हे. चांदीचे आयन जिवाणूंना मारक असतात हे सिद्ध आहे आणि भाजलेल्या जखमांच्या मलमांत चांदीचे संयुग वापरले जाते. पण अंगावर पैंजण किंवा अंगठी घातल्याने आजार बरा होतो, असे त्यावरून ठरत नाही. चांदीची संयुगे दीर्घकाळ पोटात घेतल्यास कातडी कायमची निळसर करडी होते, म्हणून तसले उपचार टाळावेत.

९. पुरुष चांदी घालत नसत का?

घालत असत, फक्त आपण तिला दागिना म्हणत नाही. ओमानी पुरुषाच्या कमरेचा वाकडा खंजीर चांदीने मढवलेला असतो आणि तो त्या देशाच्या राष्ट्रध्वजावरील चिन्हातही आहे. कोरियात चांदीच्या म्यानाचा छोटा चाकू स्त्रिया आणि पुरुष दोघेही बाळगत. स्त्रीच्या बाबतीत तो शीलरक्षणाचे प्रतीक मानला जाई. प्रेषित मुहंमद पत्रांवर मोहोर उठवण्यासाठी नाव कोरलेली चांदीची अंगठी वापरत, आणि त्या परंपरेमुळे मुस्लिम पुरुषांत चांदीत जडवलेल्या अकिकाच्या अंगठीला विशेष मान आहे.

१०. ताईताच्या पेटीत काय असते? जुनी पेटी मिळाली तर ती उघडावी का?

कागदावर किंवा कापडावर लिहिलेले पवित्र वचन, मंत्र, यंत्र, पवित्र स्थळाची माती किंवा एखाद्या संताच्या वस्त्राचा तुकडा, असे काहीही असू शकते. तिबेटी ‘गाऊ’ या पेटीत छोटी मूर्ती किंवा मंत्र असतो. तुर्कमेन ‘तुमार’ बहुधा त्रिकोणी असून त्याखाली आडवी नळी असते. काही पेट्या मुळातच बंद आणि रिकाम्या घडवल्या जात, कारण आकारातच संरक्षण आहे असे मानले जाई.

उघडू नये, असे माझे मत आहे. झाकण डाख देऊन बंद केलेले असेल तर ते जोरात काढल्याने पेटी फाटते, आत घडी घातलेला जुना कागद उलगडताना चुरू शकतो, आणि ज्याने ती बंद केली त्याच्या दृष्टीने ती उघडण्यासाठी नव्हतीच.

११. मिआओ लोकांचे एवढे मोठे मुकुट कशासाठी असतात?

मिआओ समाजाची जुनी लिपी रूढ नव्हती, आणि त्यांच्या कथा भरतकामात आणि चांदीत टिकून राहिल्या. फुलपाखराच्या आकृतीमागे मिआओ पुराणातील फुलपाखरू-माता आहे, जिच्या अंड्यांतून पहिला मानव जन्मला. शिंगांचा संबंध म्हशीच्या पूजेशी आणि चीयू या पूर्वजाशी जोडला जातो. सणाच्या दिवशी मुलगी मुकुट, गळ्यातील जाड कडी आणि चांदीचे पत्रे शिवलेला अंगरखा असे कित्येक किलो वजन घालून नाचते. तिच्यासाठी ते तिच्या आईवडिलांनी जन्मापासून साठवलेले असते. कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत त्या एका दिवशी सर्वांसमोर उभी राहते. चांदी ठोकून घडवण्याची मिआओ कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली. आज मात्र बाजारात मिळणारे बरेच मुकुट तांबे आणि निकेल यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचे असतात.

१२. हे दागिने घडवणारे लोक त्याच समाजाचे असत का?

मिआओंमध्ये असत, इतरत्र अनेकदा नसत, आणि ही बाब मला या विषयात सर्वांत लक्षणीय वाटते. येमेनमधील मुस्लिम स्त्रियांचे उत्तम दागिने यहुदी कारागीर घडवत. १९४९ आणि १९५० या दोन वर्षांत सुमारे ४९ हजार येमेनी यहुदी इस्रायलला गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब त्यांच्याबरोबर देशाबाहेर गेले. दक्षिण इराक आणि इराणच्या अहवाझ भागात चांदीवर काळी मीनाकारी करणारे कारागीर मंदाई या छोट्या धर्मसमुदायाचे होते. कच्छमध्ये सोनी कारागीर रबारी आणि मुस्लिम जत अशा दोघांसाठीही त्यांच्या त्यांच्या घडणीचे दागिने करत. म्हणजे ज्या खुणेवरून एक समाज स्वतःला इतरांपासून वेगळा ओळखतो, ती खूण दुसऱ्याच समाजाच्या हातची असे, आणि त्या हाताला गिऱ्हाइकाच्या चालीरीती तपशीलवार ठाऊक असत.

१३. तारकाम आणि रवाकाम यांत फरक काय?

तारकामात चांदीची तार लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करतात, दोन तारा पिळून चपट्या करतात, त्यांची वेटोळी चौकटीत बसवतात आणि टाकणखार व डाख वापरून जोडतात. ओडिशातील कटक शहराची ‘तारकशी’ यासाठी प्रसिद्ध आहे. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तेथील दुर्गापूजेत देवीच्या मागची भव्य आरासही याच कामाची असते. रवाकामात चांदीचे बारीक तुकडे वितळवतात. वितळलेला थेंब पृष्ठताणामुळे स्वतःच गोल होतो, आणि असे गोळे पृष्ठभागावर ओळीने जोडले जातात. येमेनी हारांत दोन्ही तंत्रे एकत्र दिसतात.

१४. माझ्या हारातील नाण्यावर १७८० हे वर्ष आहे. मग हार तेवढा जुना आहे का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. मारिया थेरेसा ही ऑस्ट्रियाची राज्यकर्ती १७८० मध्ये वारली; त्यानंतर तिचा थालर तेच वर्ष कोरून पाडला जात राहिला, कारण अरबस्तान आणि इथिओपियातील लोक दुसरे नाणे घ्यायला तयार नव्हते. व्हिएन्नाखेरीज रोम, लंडन आणि मुंबई येथील टाकसाळींतही तो विसाव्या शतकात पाडला गेला. इतर नाण्यांविषयीही नियम असा की हार त्यांतील सर्वांत अलीकडच्या नाण्यापेक्षा जुना असू शकत नाही. त्याहून कितीही नवा मात्र असू शकतो.

हार तेवढा जुना नसण्याचे आणखी एक कारण आहे. ओमान आणि अरबस्तानाच्या इतर भागांत स्त्रीच्या मृत्यूनंतर तिचे दागिने वितळवले जात, कारण नववधूला दुसरीचे जुने दागिने नको असत. म्हणून शंभर वर्षांहून जुना नग तेथे दुर्मीळ आहे.

१५. खरी चांदी कशी ओळखावी? शिक्का नसेल तर दागिना खोटा समजावा का?

शिक्का नसणे हा खोटेपणाचा पुरावा नाही. गावच्या कारागिराने घडवलेल्या बहुतेक जुन्या दागिन्यांवर तो नसतोच. कसही आजच्या ९२.५ टक्क्यांच्या मोजमापाने तपासू नये. थालर वितळवून केलेल्या दागिन्यात सुमारे ८३ टक्केच चांदी असणार, आणि तरीही तो अस्सल पारंपरिक दागिना आहे. लोहचुंबकाची चाचणी मुख्यतः लोखंड ओळखते, पितळ आणि जर्मन सिल्व्हर तिच्यातून सहज निसटतात. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम असल्यामुळे भरीव नग हवेत आणि पाण्यात तोलून अंदाज घेता येतो, परंतु लाखेने भरलेल्या पोकळ तोड्यांना ही पद्धत लागू पडत नाही. खात्रीसाठी सोनाराच्या कसोटीवर पाहावे, अथवा क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्यावे. त्यात दागिन्याला ओरखडा पडत नाही.

१६. काळा पडलेला दागिना उजळवावा का?

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे पृष्ठभागावर चांदीचे सल्फाइड तयार होते, तोच हा काळा थर. साधा, भरीव नग मऊ कापडाने पुसून उजळवण्यास हरकत नाही. अॅल्युमिनियमची पत्री, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांची घरगुती पद्धत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर करते, म्हणून ती घासण्यापेक्षा सौम्य आहे. पण खोलगट नक्षीतील काळेपणा कारागिराने उठाव यावा म्हणून मुद्दाम ठेवलेला असेल, तर तोही या पद्धतीने जातो. काळी मीनाकारी, सोन्याचा मुलामा, पिरोजा, पोवळे, अंबर आणि लाखेची भर असलेला दागिना गरम पाण्यात बुडवू नये. तुर्कमेन दागिन्यांवरील मुलामा तर इतका पातळ असतो की जोरात घासल्यानेही तो उडतो.

१७. आजीचे चांदीचे दागिने कोणी घालत नाही. ते मोडावेत का?

मोडणे परंपरेच्या विरुद्ध नाही. प्रश्न १४ मध्ये सांगितल्याप्रमाणे मोडून नवे करणे हीच पुष्कळ ठिकाणची परंपरा होती. तथापि तेव्हा दागिना मोडला तरी तो घडवणारा हात गावात होता आणि तशीच घडण पुन्हा होत असे. आता मोडीत फक्त धातूचे मोल मिळते आणि घडण कायमची जाते. मोडायचेच असतील तर आधी वजन करावे, दोन्ही बाजूंची आणि फाशाची छायाचित्रे घ्यावीत, आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारून त्या नगाचे घरातले नाव, तो कोणी दिला आणि कोणत्या प्रसंगी घालत, हे लिहून ठेवावे. जोडीतील एकच नग मोडू नये.